तीन रेघांच्या खाली

कमलाक्षी परबचं नाव जगात जिथं जिथं नोंदलं गेलं, तिथं ते गौरेश बोर्डेकरच्या नावाखाली नोंदलं गेलं. यात कुणाची मेहेरबानी नव्हती आणि कुणावर अन्यायही नव्हता. धंद्याची रीतच तशी होती.

धंदा काय, हे गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या कोरगावात कुणालाच नीट सांगता आलं नसतं. वाड्यावरच्या लोकांचा समज असा, की शांताराम मास्तरांची मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम घरात बसून करते, आणि ज्या अर्थी ती घरात बसलेली असते त्या अर्थी ते काम फारसं चालत नसावं. तिच्या आईनं, यशोदाबाईंनी, विचारणाऱ्यांसाठी एक उत्तर तयार ठेवलं होतं: "कंप्युटर दुरुस्त करता." त्यामुळे वर्षाकाठी दोन-तीन जण बिघडलेला टीव्ही घेऊन यायचे. कमलाक्षी त्यांना चहा देऊन परत पाठवायची. एकदा एक टीव्ही खरोखरच दुरुस्त झाला, तेव्हापासून तर खुलासा करण्यात काही अर्थच उरला नाही.

खरं काम असं होतं. संगणकाच्या पोटात कर्नेल नावाचा एक कारभारी असतो. प्रोसेसरला कामं वाटून देणं, त्याच्याकडून ती करून घेणं आणि काम नसेल तेव्हा त्याला विश्रांती देणं, हे सगळं त्याच्याकडं. लिनक्सचा हा कारभारी दर दोन-तीन महिन्यांनी नवा येतो. पण जगात नवं नको असलेले लोकही पुष्कळ असतात. उत्तर युरोपात कागदाची एक गिरणी होती. तिची सगळी यंत्रं एका जुन्या कर्नेलवर बसवलेली होती आणि ती घडी मोडायची कुणाची छाती नव्हती. मात्र गिरणीतले संगणक म्हातारे होऊन एकेक गचकत होते. त्यांच्या जागी नवे आले. नव्या प्रोसेसरांना झोपण्याची विद्या येत होती, पण जुन्या कारभाऱ्याला त्यांना झोपवण्याची येत नव्हती. परिणाम असा, की काम असो नसो, सगळे प्रोसेसर चोवीस तास टक्क जागे, आणि त्यांच्यावर पंखे भणभणत होते. तेव्हा नव्या कर्नेलमधली झोपवण्याची विद्या काढून जुन्याच्या अंगाला बसेल अशी बेतायची, हे काम पुण्याच्या कंपनीकडं आलं आणि तिथून कोरगावात.

नव्यातलं काढून जुन्यात घालणं ऐकायला सोपं आहे. नव्यातला एक तुकडा, त्याला पॅच म्हणतात, उचलायला जावं तर तो म्हणतो, माझ्याबरोबर ही तीन फंक्शनं हवीत. ती आणायला जावं तर त्यांच्या मागून त्यांची सोयरीक. गणपतीच्या चवथीला एका पाहुण्याला आमंत्रण द्यावं आणि मागोमाग त्याची सगळी आळी उतरावी, तशातला प्रकार. पुन्हा जुन्या कर्नेलच्या मांडणीला धक्का लागता कामा नये, ही गिरणीची अट. माहिती ठेवायच्या एखाद्या चौकटीत नवा रकाना लागला तर तो कुठून आणायचा? यावर पूर्वीच्या माणसांनी एक सोय करून ठेवली होती. त्यांनी चौकटीचौकटीत काही जागा रिकाम्या सोडल्या होत्या आणि त्यावर फक्त 'राखीव' असं लिहिलं होतं. कशासाठी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कमलाक्षीला ही माणसं न पाहता आवडायची.

आता नावांची रीत. पॅच कुणीही कुठंही नेऊन बसवला, तरी त्याच्या मूळ लेखकाचं नाव वर तसंच ठेवायचं. ज्यानं तो जुन्यात बेतून बसवला त्यानं खाली आपली सही करायची. प्रोसेसरला झोपवण्याचे बहुतेक पॅच अमेरिकेतल्या एका प्रोसेसर कंपनीत नोकरीला असलेल्या माणसानं लिहिले होते, आणि त्याचं नाव गौरेश बोर्डेकर होतं. मुक्काम पोस्ट डिचोली, हे पॅचमध्ये लिहिलेलं नव्हतं. ते कमलाक्षीला ठाऊक होतं.

कमलाक्षी पेडण्याची आणि गौरेश डिचोलीचा. दोघं ब्याण्णव ते शहाण्णव अशी चार वर्षं फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका वर्गात होती. गोव्याचं वेगळं राज्य झालं तेव्हा कमलाक्षी सातवीत होती. कोकणी राजभाषा झाली, मराठी-कोकणीच्या भांडणात रस्त्यावर झाडं आडवी पडली, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. शांताराम मास्तर मराठी शाळेत शिकवायचे. त्यांनी घरात एकदाच सांगितलं, "आपण बोलतो ते बोलत राहू आणि लिहितो ते लिहीत राहू. बाकीचं सरकारला करू दे." त्याप्रमाणे ती कोकणीत बोलत राहिली आणि मराठीत लिहीत राहिली. पुढं कॉलेजात एका डिचोलीच्या मुलाचंही असंच आहे हे कळल्यावर, आपल्यासारखं कुणी आहे म्हणून तिला बरं वाटलं. बरं वाटण्याची कारणं आणखीही असतील. ती तिनं तेव्हा मोजली नाहीत.

दर शुक्रवारी दुपारी हॉस्टेलची मुलं घरी निघत. कमलाक्षीला फोंडा, पणजी, म्हापसा, मग पेडण्याची बस, असं जावं लागे. गौरेशला उसगाव-सांखळीवरून सरळ डिचोलीला जाता आलं असतं. म्हापसा त्याच्या वाटेवर नव्हतं. तरी तो चार वर्षं म्हापशावरून गेला.

"तू म्हापशाक कित्याक येता रे?" पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं.

"बाजार करूंक वतां, परब."

"कसलो बाजार?"

"शुक्रवारचो."

शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो हे खरंच आहे. मिरच्या, मडकी, सुकी मासळी, केळी, जगातलं सगळं तिथं मिळतं. चार वर्षांत गौरेशनं त्यातलं काहीएक विकत घेतलेलं कमलाक्षीनं पाहिलं नाही. तो स्टँडवर भजीपाव घ्यायचा, त्यातला अर्धा तिला द्यायचा, आणि झोपेतून जागं व्हायला प्रोसेसरला किती वेळ लागत असेल असल्या गोष्टी बोलायचा. मग त्याची बस लागायची, तो चढायचा आणि खिडकीपाशी बसायचा. मागं बघायचा नाही. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहायची. अशी तिची आठवण होती.

शहाण्णवच्या मेमध्ये शेवटचा शुक्रवार झाला. तो बंगळूरला गेला, ती पुण्याला. त्याचं एक पत्र आलं, त्यात एक गणित अडल्याचं लिहिलं होतं. तिनं गणित सोडवून पाठवलं. पुढचं पत्र लिहिण्याची पाळी कुणाची होती, ते आता सांगता येत नाही. तो अमेरिकेला गेला. डिचोलीची सुलोचना मावशी सणासुदीला फोन करायची, तिच्याकडून बातम्या यायच्या: बोर्डेकरांच्या मुलानं धारवाडची मुलगी केली, त्याला मुलगी झाली, बापानं खाणीवर चौथा ट्रक लावला. कमलाक्षी सगळ्याला "बरें जालें" म्हणायची. दोन हजार पाचला मास्तरांना अर्धांगवायू झाला, ती नोकरी सोडायला निघाली, तर कंपनी म्हणाली, सोडू नका, तिथूनच करा. मास्तर दोन वर्षांनी गेले. ती तिथूनच करत राहिली.

पुढं काही व्हायचं होतं, असा तिचा समज नव्हता. एकोणचाळिसाव्या वर्षी माणसाला हिशेब कळतो, आणि तिचा तर तोच धंदा होता. तिला एवढंच कळायला हवं होतं, की ते शुक्रवार तिच्या एकटीचे होते की दोघांचे. उत्तर 'एकटीचे' असं आलं असतं, तरी ती ते कुठंतरी नोंदवून पुढं गेली असती. पण विचारायचं कसं? सतरा वर्षांनी, दोन समुद्रांपलीकडच्या एका गृहस्थाला, 'तू भजीपाव कशासाठी घ्यायचास?' असं पत्र कुठल्या तोंडानं लिहायचं?

तेव्हा तिनं एक सोय शोधून काढली होती. पॅचचा कागद असा असतो: वर लेखकाचं नाव, मग हा बदल कशासाठी ते, मग सह्या, त्याखाली तीन छोट्या आडव्या रेघा आणि मग बदल. त्या तीन रेघांच्या खाली, बदल सुरू होण्याआधी, जे काही लिहावं ते वाचणाऱ्याला दिसतं, पण पॅच जागेवर बसताना गळून जातं. इतिहासात राहत नाही. तपासणाऱ्याला दोन शब्द सांगण्यासाठी ही जागा असते. कमलाक्षी तिथं गौरेशला लिहायची. सकाळी पाववाला पोदेर पावाचे उंडे देऊन गेला, चहा झाला, की ती मशीन लावायची, एखादा पॅच बसवायची आणि रेघांच्या खाली चार ओळी टाकायची. मग सगळी मालिका स्वतःच्याच पत्त्यावर पाठवायची, परक्यासारखी वाचायची आणि चुका काढायची. पुण्याला जायची ती प्रत रेघांखालचं पुसून जायची.

गिरणीसाठीच्या या मालिकेत चौदा पॅच होते. तिसऱ्याखाली लिहिलं होतं: 'हे फंक्शन आमच्याकडं नाही, मला लिहावं लागलं. कॉलेजात तू व्हेरिएबलना एका अक्षराची नावं द्यायचास. अमेरिकेनं तुला सुधारलेलं दिसतं.' पाचव्याखाली: 'खाणी बंद झाल्या. मावशी सांगते, तुमच्या अंगणात चार ट्रक उभे आहेत आणि एकाच्या टपावर घोसाळ्याचा वेल चढलाय. रस्त्यावरची तांबडी धूळ बसली, आता लोकांना झोप येत नाही म्हणे, आवाजाची सवय होती.' नवव्याखाली: 'चौकटीतली शेवटची राखीव जागा वापरली. ज्यानं सोडली होती त्याला माझा नमस्कार.' आणि अकराव्याखाली ते शुक्रवारचं. 'म्हापशाला डिचोलीची बस आधी सुटायची. तू मागं बघायचा नाहीस. बस दिसेनाशी होईपर्यंत मी उभी असायचे. तुला ठाऊक होतं का?'

तिच्या खोलीच्या कोपऱ्यात गिरणीतल्यासारखाच एक संगणक चाचणीसाठी होता. चार महिने त्याचा पंखा घरघरत होता. एप्रिलातल्या एका दुपारी चौदावा पॅच बसला, संगणक पुन्हा सुरू झाला, थोडा वेळ घरघरला आणि मग त्याचा आवाज उतरत उतरत नाहीसा झाला. अंगणात कोकमाची सोलं वाळत घालणाऱ्या यशोदाबाई हात तसेच घेऊन धावत आत आल्या.

"गो कमळ, कितें जालें? आवाज खंय गेलो? मेलें तें?"

"मरूंक ना, आई. न्हिदलां."

"कोण न्हिदलां?"

"प्रोसेसर. काम नासलें की न्हिदता आता."

"आनी काम आयलें जाल्यार?"

"जागो जाता."

"कोण उठयता?"

"आपणच उठता. किती खोल झोपायचं तें पयलींच थारावन झोपता." भाषांची सरमिसळ झाली, पण यशोदाबाईंना ती सवयीची होती. त्या दाराला टेकून कोपऱ्यातल्या त्या निपचित पेटीकडं पाहत राहिल्या.

"बरें. मशीनाक न्हिदूंक शिकयलें. सोयरीक घेवन आयिल्ल्या मनशांक इतलो वेळ दिल्लो जाल्यार?"

"आई, सोलां."

"वतां गो, वतां."

कमलाक्षी मशीनपुढं बसून राहिली. झोपेच्या या विद्येत एक भाग तिला पहिल्यापासून आवडायचा. प्रोसेसरच्या झोपेला पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर नुसती डुलकी, चाहूल लागताच जागं होता येतं. जितकं खोल जावं तितकी वीज वाचते, पण उठायला तितका वेळ लागतो. म्हणून प्रत्येक पायरीला एक आकडा दिलेला असतो: निदान एवढा काळ कुणी हाक मारणार नसेल, तरच इथं उतरण्यात अर्थ आहे. पुढची हाक कधी येईल ते मात्र कुणालाच माहीत नसतं. मागच्या हाकांवरून अंदाज करायचा. हे आकडे गौरेशनं ठरवले होते. तिनं चौदाही पॅचमध्ये पुष्कळ काही बदललं होतं, आकड्यांना हात लावला नव्हता.

त्याच आठवड्यात कंपनीनं नवा लॅपटॉप पाठवला. जुना आठ वर्षांचा होता आणि त्याचा उजवा कोपरा उष्णतेनं पिवळा पडला होता. कमलाक्षीनं सगळं काम नव्यावर आणलं आणि सकाळी अकराला नेहमीप्रमाणे मालिका स्वतःला पाठवली.

पॅच पाठवायचं जे साधन असतं, ते फार नम्र आहे. पॅचमध्ये ज्याचं ज्याचं नाव दिसेल त्याला त्याला ते आपण होऊन एक प्रत धाडतं, बिचाऱ्यांना कळायला हवं म्हणून. कमलाक्षीनं ही नम्रता सात वर्षांपूर्वी बंद करून टाकली होती. एका ओळीचं काम, एकदा केलं आणि विसरली. ती ओळ जुन्या लॅपटॉपवर राहिली.

पडद्यावर पाठवलेल्यांची यादी सरकत गेली. ती वाचायची सवय तिला नव्हती, कारण तिच्यात कायम एकच नाव असायचं, स्वतःचं. पाचव्या पॅचला तिला वाटलं, आज यादी लांब दिसते. आठव्याला तिनं वाचलं. अकराव्याला तिनं कळफलकावर हात मारला, तोवर शेवटचाही गेला होता. चौदाच्या चौदा पॅच, रेघांखालच्या मजकुरासकट, गौरेश बोर्डेकरला पोचले होते. शिवाय त्याच्या पॅचवर ज्यांच्या सह्या होत्या त्या, नवं कर्नेल सांभाळणाऱ्या, दोन परदेशी देखभालकर्त्यांनाही.

ती उठून विहिरीवर गेली. कळशी घेऊन गेली नव्हती, म्हणून परत आली.

"कितें गो?" यशोदाबाईंनी विचारलं.

"कांय ना. पत्र गेलें."

"कोणाक?"

"सगळ्यांक."

संध्याकाळी पहिलं उत्तर आलं, ते एका परदेशी देखभालकर्त्याचं. त्यानं सौजन्यानं कळवलं होतं, की आपल्या टपालात अक्षरांची काहीतरी गडबड झालेली दिसते, काही मजकूर वाचता येत नाही, तरी एकदा तपासावं. कमलाक्षीनं उलट लिहिलं, की आपलं म्हणणं बरोबर आहे, गडबड झाली आहे, तसदीबद्दल क्षमस्व. दुसऱ्यानं काहीच लिहिलं नाही. गौरेशनंही नाही.

पहिले दोन दिवस तिला वाटलं, त्यानं वाचलंच नसेल. अशा माणसांना दिवसाला पाचशे पत्रं येतात. तिसऱ्या दिवशी वाटलं, वाचलं आणि बायकोला दाखवलं असेल. चौथ्या दिवशी सुलोचना मावशीचा फोन आला तेव्हा तिला वाटलं, डिचोलीपर्यंत पोचलं, पण मावशी देवळाच्या पालखीबद्दल बोलली आणि शेवटी म्हणाली, "बोर्डेकारान दोन ट्रक विकले गो. आंगण मोठें दिसता."

पाचव्या दिवशी निलेशचा फोन आला. निलेश कानडे पुण्यात तिच्या गटाचा प्रमुख होता, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. मॅडम म्हणायचा आणि घाई करायचा.

"मॅडम, मालिका कुठंय? गिरणीवाले रोज विचारतायत."

"एक तपासणी यायचीय."

"कुणाची? मशीन झोपलं म्हणालात ना?"

"झोपलं. मूळ लेखकाकडं प्रत गेलीय. त्याचं उत्तर येऊ दे."

"मूळ लेखक?" निलेश हसला. त्यात वाईट हेतू नव्हता. "मॅडम, तो माणूस दहा कर्नेल पुढं गेलाय. आपलं जुनं बघायला त्याला कुठला वेळ?"

"ते खरं," कमलाक्षी म्हणाली. "तरी चार दिवस थांबू."

फोन ठेवल्यावर ती कोपऱ्यातल्या संगणकाकडं पाहत बसली. तो झोपला होता. घरात इतकी शांतता होती, की यशोदाबाई दुपारभर उगाच भांडी वाजवत होत्या.

नवव्या दिवशी, पोदेर संध्याकाळच्या फेरीला भोंगा वाजवत वळला आणि आई टोपली घेऊन फाटकाशी गेली, तेव्हा उत्तर आलं.

तपासणीच्या पत्राचीही एक रीत असते. समोरच्याचा मजकूर जसाच्या तसा घ्यायचा, ज्यावर आपल्याला काही बोलायचं नाही तो कापून टाकायचा, आणि ज्यावर बोलायचंय त्याच्या खाली आपलं लिहायचं. गौरेशनं रीत पाळली होती. चौदा पॅचमधलं जवळजवळ सगळं कापलं होतं. उरल्या होत्या तीन जागा. तिन्हींखालची उत्तरं मराठीत होती. पॅचच्या तपासणीत देवनागरी उमटलेली कमलाक्षीनं पहिल्यांदाच पाहिली.

पहिली जागा सातव्या पॅचमध्ये होती, खोल झोपेच्या आकड्यापाशी. 'हा आकडा माझा आहे आणि चुकीचा आहे. यानं प्रोसेसर फार लवकर खोल उतरतो आणि मग उठताना हाल होतात. दोन महिन्यांनी मी स्वतंत्र पॅच लिहून तो सुधारला. ती दुरुस्ती तू घेतलेली नाहीस. घे.'

कमलाक्षीचे कान तापले. मूळ पॅच घेतल्यावर त्याच्या मागून आलेल्या दुरुस्त्या शोधायच्या, हे या धंद्यातलं पहिलं पान. ती नव्या माणसांना शिकवताना हेच आधी सांगायची. इतरांच्या आकड्यांवर ती संशय घ्यायची, याच्या आकड्यांवर घेतला नव्हता, इतकंच.

दुसरी जागा पाचव्याखालची, ट्रकवरच्या वेलाची. 'वेल घोसाळ्याचा नाही, दुधीचा. आईनं फोटो पाठवला होता.'

तिसरी अकराव्याखालची. तिच्या सगळ्या ओळी त्यानं तशाच ठेवल्या होत्या, एकही न कापता. खाली लिहिलं होतं:

'चूक. पेडण्याची बस आधी सुटायची. तू पुढच्या दारानं चढायचीस, डावीकडं बसायचीस आणि मागं बघायची नाहीस. डिचोलीची त्यानंतर अर्ध्या तासानं होती. कधी कधी मी तीही सोडायचो. बाकी ठीक आहे. तपासले: गौरेश बोर्डेकर.'

आई उंडे घेऊन आत आली तेव्हा कमलाक्षी पाठमोरी बसली होती.

"गरम आसात. खातलें?"

"खातां."

"रडटा कित्याक गो?"

"रडना. एक चूक मेळ्ळी."

"व्हडली?"

"सतरा वर्सां जुनी."

यशोदाबाईंना यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी उंड्यावर लोणी जास्त लावलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. कमलाक्षी म्हापशाला गेली. इंजिनिअर माणूस, खातरजमा केल्याशिवाय कुणाची दुरुस्ती स्वीकारायची नाही ही सवय. बाजारात मिरच्यांच्या राशी होत्या, सुक्याचा वास होता, मडक्यांवर बोटं वाजवून बघणाऱ्या बायका होत्या. स्टँडवर पेडण्याची आणि डिचोलीची अशा दोन बस शेजारीशेजारी उभ्या होत्या आणि दोन्हींचे कंडक्टर आपापल्या गावाचं नाव पुकारत होते.

"खंयची बस आदीं सुटता?" तिनं पेडण्याच्या कंडक्टरला विचारलं.

"भरता ती." तो म्हणाला. "बाय, तुका खंय वचपाचें?"

"पयलीं खंयची सुटाली? वीस वर्सां आदीं?"

कंडक्टरनं तिच्याकडं नीट पाहिलं. तो पंचविशीतला होता. "तें म्हज्या बापायक विचारचें पडटलें," तो म्हणाला आणि पुन्हा पेडणं पुकारू लागला.

तिनं भजीपाव घेतला. एकटीला तो जास्त झाला, तरी संपवला. मग पेडण्याच्या बसमध्ये पुढच्या दारानं चढली आणि डावीकडं खिडकीपाशी बसली. बस निघाली तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं. डिचोलीची बस तिथंच उभी होती, अर्धी रिकामी. वळण येईपर्यंत ती पाहत राहिली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण रावलो गो?" ती म्हणाली, "कोण ना."

शनिवारी तिनं मालिका पुन्हा बेतली. सुटलेली दुरुस्ती शेवटी जोडली, पॅच पंधरा झाले. नव्या आकड्यानं संगणक आधीपेक्षा जरा उशिरा झोपला, पण उठताना आता अडखळत नव्हता. मालिका दुसऱ्यांदा पाठवायची तर आधीच्यापेक्षा काय बदललं ते तीन रेघांच्या खाली नोंदवायचं, अशी रीत आहे. तिनं अकराव्याखाली लिहिलं: 'दुसरी आवृत्ती. बदल: बसचा क्रम दुरुस्त केला.' पाचव्याखाली: 'दुधी.' पाठवण्याच्या यादीतून दोन्ही परदेशी देखभालकर्त्यांची नावं तिनं हातानं काढली. गौरेशचं ठेवलं. नम्रता बंद करणारी ती ओळ नव्या लॅपटॉपवर तिनं घातली नाही.

पुण्याला सोमवारी गेली ती प्रत रीतसर होती. रेघांखाली काही नव्हतं.

"आली का हो तपासणी?" निलेशनं फोनवर विचारलं. "अरे वा, खरंच त्याचं नाव आहे इथं. बघितलं म्हणायचं त्यानं."

"बघितलं."

"काय म्हणाला?"

"एक दुरुस्ती घ्यायची राहिली होती. आणि एका ठिकाणी क्रम चुकला होता."

"मोठं काही नाही ना?"

"नाही," कमलाक्षी म्हणाली.

गिरणीतल्या जुन्या कर्नेलमध्ये अकरावा पॅच आजही तसाच आहे. वर लेखक म्हणून गौरेश बोर्डेकर, खाली कमलाक्षी परबची सही आणि तिच्या खाली, तपासणारा म्हणून, पुन्हा गौरेश बोर्डेकर. त्याखाली तीन रेघा होत्या, त्या पॅच बसताना गळून गेल्या.